किल्ली परदेशात होती

भुजंगरावांना कुणी सहज विचारलं, "आज काय भाजी केली?" तर ते आधी मागं वळून बघायचे. मागं कुणी नाही याची खात्री झाली की खालच्या आवाजात म्हणायचे, "जेवलो."

भाजीचं नाव त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. बाजारातून येताना पिशवीवर टॉवेल, आणि टॉवेलाची टोकं पिशवीच्या बंदांना बांधलेली. एकदा मी म्हणाले, "अवं, मेथीच असंल ना? तिला काय नजर लागती?" तर पिशवी छातीशी धरून म्हणाले, "कौसाबाई, दाखवलं म्हंजे धाडलं."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. दाखवलं म्हंजे धाडलं. एकदा दुसऱ्याच्या डोळ्यात गेलेली वस्तू आपल्या हातात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यांना खुळा म्हणायचे. मीही म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. पण हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

मी डोंगरकडा गावची. शाळा चौथीपर्यंत. नवरा वारल्यावर भावाकडं हिंगोलीला आले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपात झाडलोट करायला, चहा करायला लागले. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेली नव्हती, परभणीतच होती. वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं मोठं शेड. आत लेथ मशीनं, सगळीकडं लोखंडाचा चुरा आणि काळं तेल. शेतीच्या पंपाचे भाग तयार व्हायचे. भुजंगराव स्टोअर सांभाळायचे. नांदेडला आयटीआय केलेले, अंगानं काटकुळे, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. तोवर ते नुसतेच अबोल होते. अबोल माणसाला कुणी नावं ठेवत नाही.

मग मालकाच्या मेव्हण्यानं पुण्याहून एक काम आणलं. स्टीलचा एक भाग करायचा होता. तो पुण्याच्या कंपनीला द्यायचा, त्यांनी तो समुद्रापलीकडं धाडायचा. त्या भागाचे नकाशे, म्हणजे ड्रॉइंगं, तिकडून आलेली होती. प्रत्येक पानावर लाल शिक्का. तो भाग केवढा होता, कसा दिसायचा, ते मला माहीत आहे. ते मी इथं लिहिणार नाही. मला कुणाची भीती नाही. सवय लागली, दुसरं काय.

ड्रॉइंगांबरोबर पुण्याचे एक साहेब आले आणि सगळ्यांना बसवून नियम सांगितले. मी चहाची किटली घेऊन उभी होते, म्हणून मलाही कळले. साहेब म्हणाले, "हा नुसता कागद समजू नका. यातली माहिती हा त्या देशाचा मालच आहे. तिथल्या सरकारचा कायदा याला लागू आहे. ज्यांची नावं लिस्टमध्ये असतील त्यांनीच बघायचं. परदेशी माणसाला तर अजिबात नाही. त्याला नुसतं दाखवलं, नाहीतर तोंडानं सांगितलं, तरी तुम्ही माल देशाबाहेर पाठवला असंच धरलं जाईल."

एक लेथवाला म्हणाला, "साहेब, हिंगोलीत कुठला आलाय परदेशी माणूस?"

सगळे हसले. साहेबही हसले. भुजंगराव हसले नाहीत. ते खिशातला पेन काढून हातावर लिहून घेत होते.

झालं. ड्रॉइंगांचा कारभार त्यांच्याकडं आला. त्यांनी शेडातली कोपऱ्यातली खोली घेतली, खिडकीच्या काचांना पांढरा ऑइलपेंट फासला, लोखंडी कपाट बसवलं. ड्रॉइंग बाहेर काढलं की लेथवाल्याच्या शेजारी स्वतः उभं राहायचं, काम झालं की मोजून परत आत ठेवायचं. खोली झाडायला माणूस लागणार होता. मला बोलावलं.

"कौसाबाई, किती शिकल्या?"

"चौथी."

"इंग्रजी येतं?"

"न्हाई."

"लई चांगलं झालं."

"चांगलं काय झालं त्यात?"

"तुमचं नाव लिस्टीत घालता येतंय."

जन्मात पहिल्यांदा न शिकल्याचा मला उपयोग झाला. लिस्टीत माझं नाव आलं आणि तीन वर्षं डिप्लोमा केलेल्या मालकाच्या पुतण्याचं आलं नाही. तो पोरगा मला बघून तोंड वाकडं करायचा. मी त्याच्या चहात साखर कमी टाकायची.

बिघडलेला माल भंगारात द्यायचा नाही, असाही नियम होता. आधी तो असा तोडायचा की मूळचा आकार कुणाला कळू नये. भुजंगराव दर शनिवारी शेडामागं गोणपाट अंथरून बसायचे आणि घण घालायचे. भंगारवाला सलीम डोक्याला हात लावायचा. "चाचा, इसका भुर्ता काहेको करते? वैसाच दे देव ना!" भुजंगराव घाम पुसत म्हणायचे, "सलीमभाई, जितना पहचानमें आता, उतना गया समझो."

नियम वर्कशॉपात राहिला असता तर काही तकलीफ नव्हती. तो त्यांच्याबरोबर घरी गेला. लग्नपत्रिका वाचून झाली की ते चुलीत घालायचे. चहापत्तीचा पुडा कातरून टाकायचे. एकदा आपली झिजलेली चप्पल विळ्यानं कापत दारात बसले होते. समोर एक भिकारी उभा. म्हणाला, "मालक, मला दिली असती तर?" भुजंगराव गोंधळले. चपलेचे तर चार तुकडे झालेले. मग आपल्या पायातली नवी काढून त्याला दिली आणि अनवाणी कामावर आले. कुणी विचारलं, चप्पल कुठंय, तर म्हणाले, "हाय."

दवाखान्यात पोटदुखीसाठी गेले, तेव्हाही हेच. डॉक्टर विचारतात, कधीपासून दुखतं, काय खाल्लं. हे म्हणतात, "तुमाला गोळीपुरतं किती लागतंय, तेवढं विचारा." डॉक्टरांनी त्यांना जुलाबाची गोळी दिली. दुखणं दुसरंच होतं. दोन दिवस कामावर आले नाहीत आणि का आले नाहीत तेही सांगितलं नाही. आम्हाला कंपाउंडरकडून कळलं.

बायको पुसेगावची होती. साधी, बोलकी बाई. दिवसभर वाट बघायची आणि नवरा आला की विचारायची, काय केलं आज? हे म्हणायचे, "तुझं नाव लिस्टीत न्हाई." पहिल्यांदा तिला गंमत वाटली असेल. एक दिवस तिनं ट्रंक भरली आणि भावाकडं गेली. भांडण नाही, कोर्ट नाही. दिवाळीला भुजंगराव पुसेगावला जायचे, ओसरीवर चहा प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. मी म्हणाले, "घेऊन काहून येत न्हाई तिला?" तर म्हणाले, "तिथं ती कुणाशी तरी बोलती." मला राग आला होता. कुणाचा ते कळलं नाही.

असा हा माणूस एकाच ठिकाणी बसायचा. वर्कशॉपच्या फाटकाशी, बहादूरजवळ.

बहादूर आमचा वॉचमन. नाव धनबहादूर, पण नाव घ्यायला कुणाला वेळ होता? गोल चेहऱ्याचा, ठेंगणा, शिट्टी गळ्यात. मालकानं वर्कशॉप काढलं तेव्हापासूनचा. मराठी समजायची, बोलायचा हिंदी. संध्याकाळी सगळे गेले की भुजंगराव खोलीला कुलूप लावायचे. एक किल्ली स्वतःच्या करदोट्याला. दुसरी लिफाफ्यात, लिफाफ्यावर लाख. तो लिफाफा बहादूरच्या हातात द्यायचे. "आग लगी तो फोडना. नहीं तो खोलना नको." बहादूर तो कपाळाला लावून आतल्या खिशात ठेवायचा. मग दोघं फळीवर बसायचे. मी कप विसळत असायची, त्यामुळं ऐकू यायचं.

"तेरे गाव में भैंस को जाड़े में क्या खिलाते?"

"सूखा घास, साब. और पेड़ का पत्ता."

"पत्ता खाती भैंस?"

"खाती है, साब. भूख लगे तो सब खाती है."

"दूध कम होता होंगा."

"होता है, साब."

स्वतःच्या भाजीचं नाव न सांगणारा माणूस दुसऱ्याच्या म्हशीचं दूध विचारत बसायचा. अंधार पडेपर्यंत. बहादूर भात टाकायचा, कधी कधी एक ताट यांच्यापुढंही सरकवायचा. हे न बोलता खायचे.

एकदा एक गोरं जोडपं सायकलीवरून औंढ्याच्या देवळाकडं निघालेलं, फाटकाशी पाणी मागायला थांबलं. भुजंगरावांनी आतून बघितलं आणि आरोळी दिली, "ताडपत्री!" पावसाळ्यात गोण्यांवर टाकायची ती ताडपत्री ओढून आणली आणि शेडाच्या तोंडाला पडद्यासारखी धरली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं टोक बहादूरच्या हातात. मी पाणी दिलं. ती बाई हसून काहीतरी बोलली. भुजंगराव ताडपत्रीआडून ओरडले, "कौसाबाई, पानी पाजा पर बोलू नका!" ते जोडपं गेलं तरी दोघं बराच वेळ ताडपत्री धरून उभे होते. नंतर भुजंगरावांनी बहादूरची पाठ थोपटली. "बराबर पकडा तूने."

म्हणजे बघा.

पुढं बहादूरला गावी जायचं होतं. कित्येक वर्षं गेला नव्हता. पोरीचं लग्न ठरत होतं. फळीवर बसून तो रस्ता सांगत होता. "अकोला से रेल, साब. फिर गोरखपूर. फिर बस. फिर सरहद पार करके दूसरी बस."

भुजंगरावांच्या हातातला कप तोंडाशी थांबला. "सरहद? काहेकी सरहद?"

"हमारे देश की, साब."

"तेरा देश कौनसा?"

"नेपाल, साब. सबको पता है."

"वो तो हाय. पर नेपाल अपने में नहीं पडता?"

बहादूर हसला. "नहीं साब. हमारा राजा अलग है."

सांगायला हरकत नाही, मलाही तेव्हाच कळलं. आमच्या लेखी परदेशी म्हणजे गोरा, टोपीवाला, कॅमेरावाला. बहादूर म्हणजे बहादूर. लिस्टीत नावापुढं देश लिहायचा होता, तेव्हा भुजंगरावांनी सगळ्यांच्या पुढं भारत लिहिलं होतं. किल्ली सांभाळायचा म्हणून लिस्टीत घातलेल्या बहादूरच्याही. कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं, आणि त्यांच्याइतकं नियमाचं मनात घेणारं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं.

ते माझ्याकडं आले. "कौसाबाई, इतके दिवस किल्ली परदेशात होती."

"किल्ली त्याच्या खिशात व्हती. अन खिसा हितं फाटकाशी व्हता."

"तेच तर. माणूस परदेशी असला की खिसाबी परदेशी."

"कुणी विचारलंय का तुमाला? गप बसा."

ते गप बसले नाहीत. मालकाकडं गेले. मालक आधी हसला, मग त्याच्याही ध्यानात आलं. म्हणाला, "उद्याच्या उद्या बहादूरला काढा. लिस्टीतून नाव कटवा. पुण्याला एक शब्द कळवायचा न्हाई."

भुजंगराव म्हणाले, "मालक, परदेशी मानसाला कामावर ठेवू नका असं कुठं हाय? त्याला आतलं दिसू नये, एवढंच हाय. तो फाटकाशी बसू शकतोय. अन चूक झाली तर आपन होऊन कळवायचं, असं साहेबानं सांगितलंय."

"कळवलं तर काम जाईल."

"कळवलं न्हाई तर बहादूर जातोय."

मालक म्हणाला, "भुजंगराव, तो गुरखा हाय. दुसरा मिळंल."

भुजंगराव वळले. बाहेर आले तर बहादूरनं वळकटी बांधायला घेतलेली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण फाटकाशी बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर नोकरी जाणार होती. तो दोरी आवळत होता आणि भुजंगराव ती सोडत होते. शेवटी मीच ओरडले, "एकानं कायतरी ठरवा! ती वळकटी फाटंल!"

भुजंगराव उठले आणि सरळ एसटीडी बूथवर गेले. मी मागून गेले. ते आत पुण्याच्या साहेबांना फोन लावून उभे, काचेचं दार उघडंच. इतकं मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "देश मी लिहिला, साहेब. न विचारता लिहिला. मालकाचा दोष न्हाई. त्या मानसाचा तर अजिबात न्हाई. त्यो खोटं बोलला न्हाई. त्याला कुणी विचारलंच न्हाई." बूथवर दोन माणसं थांबलेली होती, ती ऐकत होती. भुजंगरावांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

साहेब जीप घेऊन आले. बरोबर आणखी एक जण होता. खोली बघितली, कपाट बघितलं. बहादूरला उभं केलं.

"कभी अंदर गए?"

"नहीं साब."

"खिड़की से देखा?"

"भुजंग साब ने रंग पोत दिया, साब. दिखता नहीं."

"भुजंग साब ने कुछ बताया अंदर का? बनता क्या है?"

बहादूरनं विचार केला. "साब, वो तो ये भी नहीं बताते कि खाना खाया क्या."

तो दुसरा माणूस हसायला लागला. लिफाफा मागितला. आपण येईपर्यंत तो आहे तिथंच राहू द्या, असं साहेबांनी फोनवर बजावलं होतं. बहादूरनं आतल्या खिशातून काढून दिला. कागद घामानं मऊ पडलेला, पण लाख अखंड होती. साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

काम गेलं नाही. बहादूरही गेला नाही. त्यानं खोलीच्या भिंतीपर्यंतसुद्धा यायचं नाही, फाटकाशीच राहायचं, एवढंच ठरलं. पण तिकडं वर कळवायचं होतं आणि कुणाची चूक हे लिहायचं होतं. साहेब म्हणाले, "भुजंगराव, तुमच्यासारखं हे काम कुणी केलं नाही. पण चुकीची नोंद तुमच्या हातची आहे. तुम्हाला यावर ठेवता येणार नाही."

"बराबर हाय," भुजंगराव म्हणाले आणि करदोट्याची किल्ली सोडायला लागले. गाठ बसली होती. सुटेना. साहेबांनी दुसरीकडं बघितलं. मी दातानं सोडून दिली.

नवी लिस्ट आली. तीत मालकाचा पुतण्या होता, मी होते, भुजंगराव नव्हते. त्यांना परत पंपाच्या भागांवर घातलं. हसावं की काय करावं असे दिवस होते ते. ज्या खोलीची खिडकी त्यांनी स्वतः रंगवली, तिच्यासमोरून ते भिंतीकडं तोंड करून जायचे. एकदा मी झाडत होते, दार अर्धं उघडं राहिलं. लांबून ओरडले, "कौसाबाई, दार लावा! मी येऊन राहिलो!"

"अवं, आतलं सगळं तुमाला पाठ हाय की!"

"पाठ असलेलं निराळं," ते म्हणाले आणि डोळ्यांवर हात धरून दार लागायची वाट बघत उभे राहिले.

मग बहादूर पोरीच्या लग्नाला गेला. जाताना भुजंगरावांनी त्याला वळकटी बांधून दिली आणि रस्त्यापर्यंत घेऊन गेले. तो नव्हता तोवर फाटकाशी बसायचं काम त्यांनीच मागून घेतलं.

एका संध्याकाळी मी कप विसळून निघाले तर ते फळीवर बसलेले. एका टोकाला. एवढी लांब फळी, पण बाकीची तशीच सोडलेली. मी बसले नाही. उभ्याउभ्या विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही.

"काहून केलं तुमी हे? गप बसले असते तर किल्ली तुमच्याकडंच राहिली असती. खोली तुमची, मान तुमचा. गुरखा काय, दुसरा मिळाला असता."

ते रस्त्याकडं बघत होते. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी अर्धंमुर्धं सांगतील. पण त्यांनी मागं वळून बघितलं नाही की आवाज खाली केला नाही.

"कौसाबाई, त्याला काढलं असतं तर संध्याकाळी मी कुठं बसलो असतो?"

घरी भाकरी टाकायची होती. मी निघाले. वळणावरून बघितलं तर ते तसेच बसलेले होते, रस्त्याकडं तोंड करून. अकोल्याची गाडी सकाळी येते हे त्यांना माहीत होतं. आणि बहादूर यायला अजून महिना होता.